सव्वाअकराचा उंचवटा

आमची पहिली भेट झाली ती त्याच्या कपाळाला माझं शिंग लागून. प्रयोगशाळेतल्या बोळाच्या वळणावर मी दोन्ही हातांत तांब्याचं शिंग सांभाळत येत होते आणि तो कागद वाचत येत होता. मी आधी शिंगाला पोचा आला का ते पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मी बरा आहे," तो कपाळ चोळत म्हणाला. "शिंग कसं आहे?"

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. विश्व जन्मल्यावर जी ऊब पसरली, ती अजूनही आकाशात चहूकडून येत असते. निरपेक्ष शून्याहून, म्हणजे थंडीच्या अखेरच्या तळाहून, जेमतेम पावणेतीन अंश वर. ती टिपणारी दुर्बीण आम्ही बांधत होतो. ऊब आत घेणारी कर्ण्यासारखी शिंगं माझी. यंत्राने टिपलेले आकडे वाचणारा गणिती तो.

चाचणीच्या वेळी यंत्र बंद खोलीत एकटं असायचं. कुलूप मी लावायची आणि किल्ली माझ्या गळ्यात असायची, कारण आत माणूस शिरला तर त्याच्या अंगाची ऊब यंत्राला वणव्यासारखी दिसायची.

तिसऱ्या आठवड्यात गणिती आलेख घेऊन माझ्या टेबलाशी आला. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "रोज सव्वाअकराला… आत कोणीतरी येतं."

सपाट रेषेवर एक उंचवटा होता. अकरा मिनिटं टिकायचा, मग ओसरायचा. मी भिंगातून पाहिलं. त्याचा माथा हलके हलके झुलत होता — जणू कोणी उभं राहून या पायावरचा भार त्या पायावर घेतंय.

"उंदीर असेल," मी म्हटलं.

"उंदीर घड्याळ बघून येत नाही."

"मला घाबरवायला आलात का?"

"नाही… मीच घाबरलोय. म्हटलं, एकट्याने कशाला घाबरायचं."

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला मी दाराच्या काचेतून आत पाहिलं. खोली रिकामी. यंत्र गार ठेवणारा पंप उसासे टाकत होता. मागे वळून पडद्याकडे पाहिलं, तर उंचवटा तसाच उभा, झुलत. माझ्या मानेवर काटा आला. लेथवाल्या काकांनी तर त्या खोलीत एकट्याने जाणंच सोडलं.

आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, भुतांना घाबरणाऱ्या नव्हत्या. "शुक्रवारपर्यंत कारण दे," त्या मला म्हणाल्या. "नाहीतर दोष तुझ्या शिंगांचा धरून ती काढायची आणि जुनी बसवायची." माझी चार वर्षं गेली होती त्या शिंगांत.

शुक्रवारी बैठक भरली. गणिती उभा राहिला. कान लालबुंद.

"कारण मी आहे," तो म्हणाला. "खोलीमागच्या कोठीत मी रोज सव्वाअकराला चहा घेऊन उभा असतो. मधे नुसतं प्लायवूड आहे. आपल्याला ती भिंत वाटते, या यंत्राला ती काच. तीन भिंतींना आपण ऊब अडवणारा पत्रा मारला. पलीकडे कोणी नसतं म्हणून चौथी सोडली. काल मी मुद्दाम जागा बदलली… उंचवटाही शेजारच्या शिंगात सरकला."

"कँटीन ओस पडलंय का?" बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"कोठीच्या जाळीतून… यांचं टेबल दिसतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

कोणीतरी खोकलं. काका छत न्याहाळू लागले.

बाईंनी आलेख उलटले. "पण मंगळवारी तुम्ही रजेवर होता. उंचवटा मंगळवारीही आहे. जरा बुटका."

त्याचा चेहरा उतरला. "तेच मला कळत नाही," तो पुटपुटला. "मंगळवारी तिथे कोण होतं…"

भिंतीपलीकडचा पंप ऐकू येऊ लागला. माझी चार वर्षं त्या एका मंगळवारावर अडली होती. मी उठले.

"मी होते," मी म्हटलं. "हे आले नव्हते. करमेना, म्हणून… त्यांच्या जागी जाऊन उभी राहिले."

जाळीतून माझीच रिकामी खुर्ची दिसली होती, आणि तिच्याकडे बघताना अंगावर शहारा आला होता. पण त्या अंगाची ऊब भिंत ओलांडून यंत्रापर्यंत पोचेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. भिंत म्हणजे भिंत, असंच मीही धरून चालले होते.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मी तिथे असतो, हे तुला माहीत होतं?" भर बैठकीत, पहिल्यांदाच, तू.

"पहिल्या दिवसापासून."

बाईंनी आलेख मिटले आणि काकांकडे वळल्या. "शिंगं तीच राहतील. चौथ्या भिंतीला आजच पत्रा मारा. आणि या दोघांना बसून चहा प्यायला कुठेतरी जागा करून द्या."