तुला काय वाटतं?

सप्टेंबरची एक सर आली आणि बँडमधला ट्रेमेन गणित केंद्राच्या दारात अडकला. तो आत, त्याचा भलामोठा पितळी ट्युबा बाहेर!

"ओढ ना जरा!"

केंद्रात शिकवणारी जलीसा टेबलापासून हलली नाही. "कुठून ओढलं तर निघेल... तुला काय वाटतं?"

"बाई गं, मदत मागतोय, परीक्षा नाही!"

तिचा नाइलाज होता. अलाबामातल्या त्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात इंजिनिअर व्हायला आलेली निम्मी पोरं पहिल्याच वर्षी कॅल्क्युलसमध्ये गळायची. म्हणून केंद्र चालवणाऱ्या डॉ. पेटिग्रूबाईंनी तिथं शिकवणाऱ्या वरच्या वर्गातल्या मुलांना दंडक घातला होता – उत्तर द्यायचं नाही, प्रश्न परत करायचा. पोरं पास व्हायला लागली होती. जलीसाच्या तर तो दंडक अंगातच भिनला होता.

तिच्याकडे शिकून ट्रेमेनही पास झाला. तरी दर शुक्रवारी तळलेल्या माशांचं ताट घेऊन तो तिच्याच टेबलाशी यायचा.

"तुझ्या गालावरच्या खळीचं सूत्र काय गं?"

"आधी आकृती काढ."

"काढतो की रोज... डोळे मिटून."

ती लाजून चूर व्हायची आणि उगाच पेन्सिलीला टोक करत बसायची.

मे महिन्यात त्याला पुढचं इंजिनिअरिंग शिकायला एका बड्या विद्यापीठाचं बोलावणं आलं. मॅग्नोलियाखाली, भुरभुर पावसात, त्यानं तिचा हात धरला.

"जाऊ... की राहू?"

राहा! तिथं तू एकटा पडशील, आणि इथं मी. सगळं अगदी ओठांवर आलं होतं. पण मेली सवय आधी बोलली – "तुला काय वाटतं?"

तो वाट बघत राहिला. मग हात सोडून "बरं," म्हणाला आणि गेला.

दोन वर्षांनी कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात जुन्या बँडबरोबर वाजवायला तो आला, तेव्हा केंद्रात डोकावला.

"इंजिनिअरिंग सुटलं," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "आता शाळेत संगीत शिकवतो. त्या बड्या विद्यापीठात शेजारी बसून प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं गं."

जलीसानं हातातली पेन्सिल खाली ठेवली. "मला 'राहा' म्हणायचं होतं, ट्रेमेन."

"मला तेवढंच हवं होतं," तो हळूच म्हणाला. "बरोबर आहे तुझं उत्तर... फक्त पेपर गोळा झालेत. जानेवारीत लग्न आहे माझं."

त्यानं ट्युबा खांद्यावर चढवला, जरा तिरका झाला आणि दारातून निघून गेला. या वेळी तो कुठेच अडकला नाही.