फोन आडवा धरा

माझ्या कॅमेऱ्यासमोर अचानक एक कोपर आलं. कोपराच्या टोकाला उभा धरलेला फोन, फोनमागे एक उंच मुलगा.

"फोन आडवा धरा!" मी इंग्रजीत ओरडले. दोहातल्या नव्या स्टेडियमवर फिल्म करणं हे माझं काम. वर्ल्ड कप वर्षावर आलेला, आणि साइटवरचे सगळे मला उभेच व्हिडिओ पाठवायचे. मोठ्या पडद्यावर ते दाराच्या फटीसारखे दिसत.

तो फोनमध्ये पुटपुटला, "आई, एक बाई रागावल्यात."

मराठी!

"बाई कोणाला म्हणता?"

तो दचकला. "सॉरी... मॅडम. मी अवधूत, नाशिकचा. इथले दिवे बसवतो."

"मी नुपूर. पुणे. फोन उभा का?"

"आईला एकदा आडवा पाठवला होता," तो गंभीरपणे म्हणाला. "तिने फोन वळवला नाही, मान वळवली. पंधरा दिवस गळ्यात पट्टा."

मी हसायचं नाही असं ठरवलं. नाही जमलं.

"शिवाय माणूस उभा असतो. आडव्यात शेजारी उगाच रिकामी जागा राहते."

मग रोज इथला वेलचीवाला करक चहा. मी आडवं शिकवायचे, तो "इन्शाल्ला, उद्या" म्हणायचा. हळूहळू माझ्याच फोनमध्ये उभे व्हिडिओ साठले. सगळ्यांत तोच. तो उंच आहे, माझा नाइलाज होता.

"दिवे लागले की मग काय?" मी एकदा विचारलं.

"काम खलास. शुक्रवारचं विमान."

मी चहा संपवला. गोड नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी सगळे मैदानात जमलो. आधी अंधार... मग वरचं कडं एका टोकापासून सावकाश पेटत गेलं. कोणीतरी आभाळाची कड दुमडावी तसं. वेल्डर, ड्रायव्हर, साहेब... सगळे हात वर, सगळे फोन उभे. माझाही! एवढ्या उंच बघताना फोन आडवा करायचं सुचतं कोणाला?

"तुमचा एक व्हिडिओ घेऊ?" अवधूत म्हणाला. "आईला दाखवायला." आणि त्याने फोन आडवा केला.

"शेजारी रिकामी जागा राहील..."

"तीच हवीये." तो फोनमागून डोकावला. "म्हणजे — ती कोणासाठी ठेवलीये का?"

मी त्याच्या हातातून फोन घेतला, क्रेनवाल्या रहमानभाईंना दिला आणि अवधूतला ओढून शेजारी उभं केलं.

रहमानभाईंनी फोन उभा धरला. "और पास आओ! दोनों नहीं आ रहे!"

आलो.

शुक्रवारी विमानतळावरून अवधूतने आईचा निरोप पुढे पाठवला : 'मुलगी छान आहे. मान दुखली नाही. घेऊन ये.'

मी रजेचा अर्ज टाकला.