आवाज बंद ठेवायचा

ही घटना खरी आहे. खोटं वाटलं तर वाटू दे. पण जिच्यासोबत घडली, त्या बाईचा धंदाच मुळी खोटं पकडण्याचा आहे. तिनं अजून यातलं खोटं शोधलेलं नाही. शोधून शोधून थकली बिचारी.

सरोवराकाठचं किसुमू गाव. मार्च महिना, भर दुपार. हो, दुपारच. रात्रीची वाट बघायला हे थांबलं नाही.

नेकेसाचं ऑफिस हार्डवेअरच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. एका खोलीत ती शिकवायची, दुसरीत शोधायची. लोकांनी फोनवरून पसरवलेले व्हिडिओ घ्यायचे आणि डोंगराची कड, पत्र्याचं छप्पर, झाडाची सावली बघून जागा ओळखायची. कुठं मारलं, कुणाला मारलं, खरं की बनाव. चौदा वर्षं हेच चाललं होतं. पोरं तिला म्वालिमू म्हणायची, म्हणजे बाई, गुरुजी.

पहिल्याच तासाला ती एक नियम सांगायची.

"आवाज बंद ठेवायचा. डोळ्यांनी बघितलेलं माणूस विसरतं. कानात गेलेलं विसरत नाही."

ऐकायचं काम तिचा जोडीदार ओडेरो करायचा. ती बघणार, तो ऐकणार. पण मागच्या वर्षी तोही उठला. "माझे कान भरले, बाई. आता मासे तळतो, तेलाचा आवाज ऐकतो," म्हणाला आणि सरोवराकाठी खानावळ टाकली. त्याच्या जागी दुसरं कुणी आलंच नाही.

त्या दुपारी सिमियूची आई आली. बुंगोमाहून, मटाटूच्या खच्चून भरलेल्या गाडीत अंग चेंबवून घेत.

सिमियू सोन्याच्या खाणीवर कामाला होता. तिथं दोन टोळ्यांचं भांडण झालं आणि पोरगा गायब. चार महिन्यांनी एक व्हिडिओ फिरायला लागला. निलगिरीची झाडं, चढण, आणि हात बांधून नेलेला सिमियू. मिनिटभरसुद्धा नाही. नेकेसा महिनाभर त्यावर डोळे फोडत होती. तसले डोंगर त्या भागात डझनभर. जागा काही सापडत नव्हती.

"झालं का गं काही?"

"नाही, आई. अजून नाही."

म्हातारी खुर्चीत बसली. चहा दिला तो तसाच ठेवला.

"शनिवारी केळीचा खांब पुरणार आहेत. त्याच्या जागी. दीर म्हणाला, किती दिवस वाट बघायची. एकदा केळ पुरलं की माझ्या लेकराला घर बंद, पोरी. मग हाडं सापडली तरी कुठं ठेवू?"

नेकेसाला नुसतं झोपावंसं वाटत होतं.

"मला ते दाखव."

"घरच्यांना दाखवत नाही आम्ही."

"मग दाखवू नको. ऐकू दे. आवाज तर माझ्या लेकराचाच आहे ना? पाच महिने झाले ऐकून."

आता याला नाही कसं म्हणायचं?

नेकेसानं इअरफोन जोडले आणि म्हातारीच्या कानात घातले. पडदा आपल्याकडं वळवला. व्हिडिओ लावला. स्वतः आधी ऐकून बघितलं नाही. चौदा वर्षांची सवय.

म्हातारीनं डोळे मिटले.

चित्र सरकलं. झाडं, चढण, सिमियूची पाठ...

संपलं. पडदा शेवटच्या चित्रावर थांबला.

म्हातारीनं मात्र इअरफोन काढले नाहीत.

"हं..." ती म्हणाली.

मग थोड्या वेळानं... "हं. हं. बरं."

नेकेसा बघत राहिली. पडद्यावर काही हलत नव्हतं. खाली दुकानात कुणी पत्रा कापत होतं, तेही थांबलं. म्हातारी मान डोलावत होती. फोनवर लेकाशी बोलावं तशी.

चहावर साय धरली, तेव्हा तिनं डोळे उघडले.

"पाय दुखतात म्हणतो. लई चालवलं म्हणे. वरच्या अंगाला पाण्याची टाकी आहे, पांढरी, फुटलेली. तिच्या मागं उतरलं की ओढा. तिथं आहे म्हणाला."

नेकेसाला वाटलं, दुःखानं माणूस काय काय ऐकतं. तरी म्हातारी गेल्यावर तिनं उपग्रहानं वरून काढलेली चित्रं उघडली.

व्हिडिओत टाकी नव्हतीच. कुठंच नव्हती.

पण एका डोंगराच्या पलीकडच्या अंगाला पांढरा ठिपका होता... तडकलेला. त्या डोंगराची कड तिनं व्हिडिओशी लावून बघितली. तंतोतंत बसली.

दुसऱ्या दिवशी माणसं गेली. ओढ्याकाठी खणलं. हाडं निघाली, आणि आईनं दाभणानं शिवलेला कातडी पट्टा.

आता अहवाल लिहायचा होता. या कामात नुसतं उत्तर चालत नाही, वाट दाखवावी लागते. दुसरं कुणी त्याच वाटेनं गेलं तर तिथंच पोचलं पाहिजे. म्हणून तिनं फाइल ओडेरोला पाठवली. आवाज साफ करून दे, टाकीचं वाक्य शोधून दे.

लगेच फोन आला.

"थट्टा करतेस का गरिबाची?"

"काय झालं?"

"अगं, यात आवाजच नाही. खरखरसुद्धा नाही. मुकं चित्र आहे नुसतं."

तिनं मूळ फाइल काढली. फोनवर पहिल्यांदा आली होती ती. तपासली. पुन्हा तपासली.

आवाज नव्हताच. कधीच नव्हता.

महिनाभर तिनं जो आवाज बंद ठेवला होता... तो त्यात नव्हताच.

शनिवारी सिमियूला घरच्या मातीत ठेवलं. केळ न तोडता तसंच उभं राहिलं. नेकेसा गेली होती. परत निघताना म्हातारीनं तिचा हात घट्ट धरला.

"उपकार झाले, पोरी. पण एक सांगायचं राहिलं."

"काय, आई?"

"तो एकटा नव्हता बोलत. मागं बरेच जण होते. बायकासुद्धा. लेकाचं ऐकू देईनात मेले. सारखी हाक मारत होते."

"कुणाला?"

"आता मला काय ठाऊक? म्वालिमू, म्वालिमू म्हणत होते."

नेकेसा अजून शिकवते. अहवाल अर्धाच पडलाय. आवाजाचा नियम ती अजूनही पहिल्याच तासाला सांगते.

गेल्या आठवड्यात एका पोरीनं विचारलं, "पण म्वालिमू, त्यात कुणी काही सांगत असलं तर?"

नेकेसानं मागं वळून बघितलं. चौदा वर्षांच्या फायली मागच्या कपाटात आहेत. त्यातली एकही तिनं कधी ऐकलेली नाही.

"बंदच ठेव," ती म्हणाली. "तुझं नाव त्यांना अजून माहीत नाही."