चौदा पानांची वेल

मी मेंदी काढते. पण हल्ली मेंदी म्हटलं की मुली नाक मुरडतात, म्हणून घराच्या पुढच्या खोलीवर पाटी लावली, ‘टेंपररी टॅटू’. सुई नाही, दुखणं नाही, पंधरवड्यात आपोआप जातं. अर्धी गिऱ्हाइकं तर पक्कं गोंदवून घेण्याआधी कसं दिसेल ते बघायलाच येतात.

ती बाई भर दुपारी आली. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि हिच्या अंगात लोकरीचा स्वेटर. तिने बाही वर केली. मनगटाशी मेंदीची दोन पानं होती, बास. मग कागद पुढे केला. कोपरापासून मनगटापर्यंत वेल, चौदा पानांची.

“हीच काढायची... माझी संपत आलीय.”

नवी नक्षी थेट गिऱ्हाइकाच्या हातावर काढायची नाही, ही माझी पद्धत. हात बसावा लागतो, म्हणून आधी धाकट्या बहिणीच्या हातावर. धाकटी कुरकुरली, “मी काय पाटी आहे का गं, ताई?” पण बसली. बाई पापणी न लवता बघत होती. चौदावं पान झालं तशी तिने पुन्हा आपली बाही सारली. हात कोरा करकरीत!

“झालं माझं काम,” म्हणाली, आणि स्वेटर काढून चालती झाली. मला वाटलं, पुसली असेल. वेळ खाऊन गेली भवानी, एवढंच मनात आलं.

रंग झकास चढला. तिसऱ्या दिवशी कोपराजवळचं एक पान गायब. चौथ्या दिवशी त्याच्या शेजारचं. मेंदी जाते ती सगळीकडून फिकट होत जाते, अशी पानापानाने नाही. आणि पान गेलं तिथली कातडी गार... माठाला हात लावावा तशी. मी तिथे पुन्हा पानं काढली, निलगिरीचं तेल चोळलं. रंग येईना. मेंदीला अंगाची ऊब लागते. ऊब नसेल तर ती नुसता चिखल.

डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. धाकटीला आता दोन शब्द बोलतानाही धाप लागायची. आई तिचा हात मांडीवर घेऊन चोळत बसायची.

दोन पानं उरली तेव्हा माझी ट्यूब पेटली. त्या बाईने आपला हात कुणाच्या जिवावर कोरा करून घेतला ते कळलं. त्याच दुपारी एक कॉलेजची मुलगी आली. खोटं कशाला सांगू, मी तिच्या हातावर तीन पानं काढली. मग ती म्हणाली, “हे जातं ना नक्की? आई ओरडेल.” मी फडक्याने खसाखसा पुसलं, तिला घालवून दिलं आणि चौदाच्या चौदा पानं माझ्या डाव्या हातावर काढली.

आतून धाकटीचा आवाज आला, “ताई, केवढं उकडतंय गं!” मी आईच्या गळ्यात पडून रडले, तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि माझा हात तेवढा निरखून बघितला.

माझी नऊ पानं गेली. त्या दुपारी पडले होते, तर घामाने जाग आली. हात कोरा. उबदार. मी धावत जाऊन धाकटीची बाही ओढली. तिचाही कोराच!

“आई...?”

आई स्वयंपाकघरात उन्हाच्या कवडशात शाल लपेटून बसली होती. “काही नाही गं, जरा गारठा वाटतोय,” म्हणाली. “तुझ्यासारखी सुबक नाही जमली मला.”

मी शाल बाजूला केली. वाकडीतिकडी, थोराड पानं. जागाच पुरली नव्हती. सहाच होती.

मी तिथेच बसून माझ्या हातावर पुन्हा वेल काढली, चौदा पानं, एकही न चुकवता. आईचा हात गारच राहिला. धाकटी रडत पुढे झाली, मी तिच्या हातावरही काढली. गारच... एकदा सुटलेला हात ती वेल परत धरत नव्हती.

बाहेर बेल वाजली. “टेंपररी टॅटू इथेच ना?” कुणीतरी हसत विचारत होतं.

“नको गं... जाऊ दे त्यांना,” आई म्हणाली.

मी मेंदीचा कोन घेऊन उठले आणि दार उघडलं.