पहिल्या वर्षी नुसती पानं

ती नर्सरीत झाडं घ्यायला गेलीच नव्हती. भुरभुर पावसात नेमका दारासमोर चपलेचा अंगठा तुटला, आणि आतल्या रोपवाल्यानं काही न विचारता तो सुतळीनं बांधून दिला. आता तशीच कशी निघणार? ओशाळून तिनं समोर दिसलेली फॉक्सग्लोव्ह नावाच्या फुलझाडाची तीन रोपं उचलली.

"कुंपणालगतच्या वाफ्यात लावा," तो म्हणाला. "घर कुठे तुमचं? मी... येऊन बघून जाईन."

तेव्हापासून दर बुधवारी स्वारी हजर! औषधांच्या दुकानातल्या कामावरून ती घरी येते तोवर हा वाफ्यापाशी उकिडवा. पानं उलटून बघायची, माती चाचपायची, तिच्या मावशीनं दिलेला चहा प्यायचा, एकदाच तिच्याकडे बघायचं — की चालता! चार महिने झाले. ना फूल, ना याच्या तोंडून अवाक्षर. तिच्या डोक्याचा पार भुगा झाला.

"अगं, विचार की सरळ!" मावशी म्हणायची.

"आणि खरंच झाडांसाठी येत असला तर? तोंड कुठे लपवू?"

त्यात दुकानाच्या मालकांनी दुसऱ्या गावातली नवी शाखा तिला सांभाळायला देऊ केली. उद्या सकाळी उत्तर हवं होतं. जावं तर जीव इथे अडकलेला, राहावं तर कुणाच्या भरवशावर? नुसतं तळ्यात-मळ्यात.

आज बुधवार. तो नेहमीसारखा वाफ्यापाशी बसलेला.

"फुलं कधी येणार हो?"

"पुढच्या वर्षी. पहिल्या वर्षी नुसती पानंच असतात."

"आणि हे आज सांगताय? पुढच्या वर्षी मी इथे असेन तर ना! दुसऱ्या गावची शाखा मिळतेय मला."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "मग... झाडांचं?"

"झाडांचं!" ती भडकलीच. "मावशी बघेल झाडांचं!"

"नाही बघितलं तरी चालेल. त्यांना काही लागतच नाही. पहिल्याच आठवड्यात मुळं धरली त्यांनी."

"मग दर बुधवारी कशाला...?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तुमच्यासाठी. मला वाटलं, तुम्हाला कळलंय..."

"कसं कळणार? तोंड उघडाल तर ना!" हसावं की रडावं, तिला कळेना. चार महिने! वेडाच आहे हा. आणि आपण तरी कुठे शहाण्या?

तो मातीचे हात झटकत उठला.

"त्या गावात... माती कशी आहे? रोपं काय, कुठेही वाढवता येतात."

"मला काय ठाऊक?" ती डोळे पुसत म्हणाली. "मालकांना उद्या हो सांगते. माती रविवारी बघून येऊ... दोघं."