गाळणीत अडकलेले शब्द

सोसायटीची सभा पूर्वी दोनदा चहा होईपर्यंत रंगायची. हल्ली पहिल्या चहाला उकळी फुटायच्या आत आटपते. या रविवारी सोमणकाका संस्कृती, शिस्त आणि देश यांवर हातवारे करून बोलले. सभासदांच्या कानांत पोचलं एवढंच: "झाड तोडायचं ठरवताना मला कुणी विचारलंच नाही." चौधरींनी प्रगती आणि नागरिकांचे हक्क यांचं आख्यान लावलं, ऐकू आलं ते, "माझ्या घरात अंधार येतो." फांद्या छाटायचं ठरलं, खुर्च्या मिटल्या, आणि मंडळी पांगली. एकेकाळी याच जिन्यात उभं राहून माणसं उरलेलं भांडण संपवत. आता विदुला कर्णिक एकटीच जिना चढून घरी आली.

ही करामत तिचीच होती. वाटाण्याएवढं यंत्र कानात बसवायचं. माणसाच्या बोलण्यातलं त्याचं स्वतःचं काय आणि पक्षाचं, पंथाचं, पोथीचं उसनं काय, ते यंत्र ओळखायचं आणि उसनं वाटेतच अडवायचं. लोकांनी त्याला गाळणी हे नाव दिलं. विचारसरणी गाळली की भांडण उरणार नाही, असं विदुला छातीठोकपणे सांगत आली होती.

परवा मात्र दोन देशांच्या तहाच्या बैठकीतून तिला निरोप आला होता. दोन्ही बाजूंचं सगळं गाळून झालं, तळाशी एकच वाक्य उरलं, आणि तेही दोघांचं सारखंच: "आधी त्यांनी मारलं." आता पुढे काय करायचं?

विदुलाचं स्वतःचंच एक युद्ध अजून चालू होतं. कराडला राहणाऱ्या सख्ख्या भावाशी, अरविंदशी, ती कित्येक वर्षं बोलली नव्हती. तो एका झेंड्याखाली, ती दुसऱ्या. सगळे नातेवाईक म्हणत, राजकारणाने घर फोडलं. तीही तेच म्हणायची. भाऊबीज चार दिवसांवर आली होती. तिला तिचा दादा परत हवा होता.

तिने गाळणी बसवली. स्वतःचाही आवाज गाळायची कळ बहुतेक जण बंद ठेवत. विदुलाने ती मुद्दाम चालू केली आणि फोन लावला.

"दादा, मी विदू."

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग शांतपणे शब्द आले: "मी पाटावर बसून राहिलो होतो."

तिला ती भाऊबीज आठवली. अरविंद टोपी घालून पाटावर बसलेला, आणि ओवाळणं ही बाईची गुलामी आहे, असं सांगत तिने त्याच्या हातात चहाचा कप दिलेला. आताही ती तावातावाने तेच समजावू लागली. पण तिला तिचाच आवाज ऐकू येईना. ओठ हलत होते आणि कानात शुकशुकाट होता. ती घाबरली. एवढ्या वर्षांच्या तत्त्वांत स्वतःचं एकही वाक्य नसावं?

मग न ठरवता तोंडून निघालं, आणि ते मात्र लख्ख ऐकू आलं: "मी सासर सोडलं तेव्हा तू मुराळी म्हणून आला नाहीस. नागपूरहून एकटी आले मी. प्रत्येक स्टेशनवर वाटायचं, इथे तरी चढशील."

रूढी मोडणारी विदुला, आणि बहिणीला माहेरी न्यायला येणाऱ्या भावाची वाट पाहत होती! तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि रडूही आलं.

पलीकडे शांतता. ती थांबली. आणखी थांबली. दादा गप्प बसलाय, की बोलतोय आणि गाळणी ते गिळतेय? तिनेच घडवलेल्या यंत्रातून हे कळायला मार्ग नव्हता.

तिने गाळणी उपटून टेबलावर टाकली.

अरविंद बोलतच होता. तीच जुनी घोषवाक्यं, कुटुंबव्यवस्था, परंपरा, बाईने उंबरठा ओलांडू नये, सगळं जसंच्या तसं. पण आवाज फाटला होता. एकेका वाक्याला तो हुंदका आवरत होता, आणि दुसरे शब्द सापडत नसल्यासारखा पुन्हा त्याच वाक्यांकडे वळत होता. हा हुंदकाही गाळणीने अडवला होता. तहाच्या त्या बैठकीत तिने असं काय काय अडवलं असेल?

विदुला खुर्चीत बसली. खोडून काढावं असं त्याचं प्रत्येक वाक्य होतं. तिने एकही खोडलं नाही.

बोलता बोलता तो एकदम थांबला.

"विदू," त्याने घाबऱ्या आवाजात विचारलं, "ऐकतेयस ना गं?"