चाळीस सेकंदांचा सदरा

तोच माणूस तिसऱ्यांदा दारात उभा राहिला तेव्हा तिच्या डोक्यात तिडीक गेली.

पहिल्या मंगळवारी त्याच्या डोक्यावर टोपी होती. दुसऱ्या मंगळवारी टोपी गेली आणि चष्मा आला. आज गळ्यात मफलर होता, तोही हनुवटीपर्यंत ओढलेला, आणि बाहेर ऊन असं की सावलीतही घाम फुटावा. वेषांतराची एवढी हौस असेल तर माणसानं निदान खुर्ची तरी बदलावी. पण नाही, स्वारी तिन्ही वेळा ग रांगेत, चौदा नंबरवर. तिनं मनातल्या मनात त्याचं नावच ग-चौदा ठेवून टाकलं होतं.

"पहिल्यांदाच येताय?" तिनं कार्ड पुढे धरत विचारलं.

"हो... म्हणजे — हो," तो म्हणाला, आणि नाकावर नसलेला चष्मा त्यानं बोटानं वर सरकवला.

त्याला तिथूनच परत पाठवायला हवं होतं. एका माणसानं एकदाच यायचं, हा नियम दारावरच लावलेला होता. पण दिवे मंद होऊ लागले होते, मागे रांग होती, आणि त्या नसलेल्या चष्म्याचं तिला हसू आलं होतं. हसू आलं याचाच तिला जास्त राग आला.

तिचं काम तसं सरळ होतं. अर्धवट तयार झालेले चित्रपट साधारण प्रेक्षकांना दाखवून त्यांची मतं गोळा करणाऱ्या कंपनीत ती पाच वर्षं नोकरीला होती. या वेळचा चित्रपट एका जाडजूड कादंबरीवरून काढलेला, सगळा हातानं चितारलेला. दूरच्या ग्रहावर बाप मरतो आणि त्याच्या लहान मुलीला एक यंत्रमानव वाढवतो, अशी गोष्ट. सहा मंगळवार, दुपारचे सहा खेळ. खेळ सुरू झाला की ती पडद्याखाली स्टुलावर बसायची, पडद्याकडे पाठ करून, तोंड प्रेक्षकांकडे. मांडीवर मिनिटामिनिटाचे चौकोन आखलेला कागद आणि एक मिणमिणता दिवा. कोण खोकलं, कोणी फोन काढला, कोण चुळबुळलं, कोण उठून गेलं, ते त्या त्या चौकोनात टिपायचं. मान वळवून पडदा बघायची सक्त मनाई, नाहीतर टिपणार कोण? त्यामुळे पाच वर्षांत तिनं शेकडो चित्रपटांचे प्रेक्षक पाहिले होते आणि चित्रपट एकही नाही.

मग यायची मतांची कार्डं, खुर्चीच्या नंबरासकट. ती शब्दन् शब्द टाइप करायची. इथे मात्र तिचा जीव मेटाकुटीला यायचा. कादंबरी वाचलेल्यांची एक वेगळीच जमात होती. 'पान एकशे त्र्याऐंशीवर बापाचा सदरा निळा आहे, इथे हिरवा कसा?' असं चौदा जणांनी लिहिलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्याच लक्षात आलं. 'कादंबरी वाचताना रडलो, इथे फक्त सर्दी झाली,' असं एका गृहस्थानं कळवलं होतं. न वाचलेल्यांचीही तऱ्हा होती. यंत्रमानव लग्न का करत नाही? हॉलमध्ये इतकं गार का ठेवता? या दोन्ही पक्षांचं एकमत फक्त एका गोष्टीवर झालं होतं. बाप गेल्यावर यंत्रमानव त्याच्या सदऱ्याची घडी घालतो, तो प्रसंग कंटाळवाणा. 'घड्याच बघायच्या असतील तर माझ्या घरी या, टोपलीभर कपडे पडलेत,' असं एका बाईनं लिहिलं होतं.

आणि ग-चौदा? तो दर वेळी लिहायचा, सदऱ्याचा प्रसंग अप्रतिम. त्या दिवशी खेळ सुटल्यावर त्यानं कार्ड तिच्या हातात दिलं आणि तिनं तिथेच त्यावरून नजर फिरवली. 'सदऱ्याच्या नऊशे साठ चित्रांतलं एकही काढू नये.'

चित्रं कोण मोजतं? ज्यानं काढलीत तोच.

ती तरातरा बाहेर गेली. तो कॉफीच्या यंत्रासमोर उभा होता आणि यंत्र त्याची नाणी परत फेकत होतं.

"नऊशे साठ," ती म्हणाली.

त्यानं मफलर सोडला. मान घामानं भिजली होती. "सेकंदाला चोवीस," तो खाली बघत म्हणाला. "चाळीस सेकंद. सात महिने लागले."

मग सगळं बाहेर आलं. तो चित्रकार होता, शंभरांतला एक, आणि अख्ख्या चित्रपटात तेवढाच तुकडा त्याचा. दिग्दर्शकानं सांगून ठेवलं होतं की प्रेक्षकांना कंटाळा आला तर तो तुकडा जाईल. तिनं त्याला धड बोलूही दिलं नाही. चित्रपटाच्याच माणसानं कार्ड भरलंय हे वर कळलं तर तिन्ही मंगळवारची कार्डं रद्दीत जातील आणि त्यांच्यापाठोपाठ आपली नोकरी, हे तिनं त्याला चांगलं खडसावून सांगितलं. तीन कार्डं आपण आजच्या आज बाद करणार, हेही सांगितलं.

"करा," तो म्हणाला. हुज्जत घातली असती तर बरं झालं असतं. "चुकलंच माझं. ती घडी... बाबा गेल्यावर आईला तशी घालताना पाहिलं होतं. दोनदा बाही चुकली तिची. इतकी वर्षं घालत होती, तरी." मग त्यानं विचारलं, "तुम्हाला कसा वाटतो तो प्रसंग?"

"मी पाहिलेलाच नाही. मी तुमच्याकडे बघत असते." जीभ चावावी तसं झालं तिला. "म्हणजे — सगळ्यांकडे."

"आणि... मी कसा दिसतो तेव्हा?"

"ओठ हलतात तुमचे. मोजत असता."

तो हसला. यंत्रानं नेमकं तेव्हाच नाणं घेतलं आणि नको असलेली गोड कॉफी तिच्या हातात आली.

पुढच्या मंगळवारी तो हॉलमध्ये आला नाही. बाहेरच्या बाकावर बसून राहिला आणि खेळ सुटल्यावर त्यानं तिच्यापुढे कप धरला, पुन्हा गोड. साखर नको म्हणून सांगितल्यावर त्याच्या पुढच्या मंगळवारी त्यानं बिनसाखरेची आणली आणि खिशातून साखरेच्या चार पुड्या काढून पुढे ठेवल्या, लागलीच तर म्हणून. बोलायचा कमी, बघायचा जास्त. तिच्या उजव्या हाताची करंगळी शाईनं काळी होते, हे पाच वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या आलं, आणि त्यानं ते सांगितलंही. ती त्याच्यावरच चिडली.

घरी ताईला ती हे सगळं जेवताना ऐकवायची. किती चिकट माणूस, किती वेंधळा, कागदी कपावर कपाचंच चित्र काढत बसतो. ताईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "ऑफिसातल्या मोठ्या बाईंवर तू पाच मिनिटं चिडतेस. याच्यावर गेला महिनाभर रोज अर्धा तास." ती ताट घेऊन उठली. बेसिनशी उभी राहून बराच वेळ एकच वाटी घासत राहिली. आपल्याला तो आवडतो, हे तिला तिथे, साबणाच्या हातांनी कळलं, आणि ही भलतीच डोकेदुखी झाली असं तिला वाटलं.

सहावा खेळ झाला. कार्डं चारशे बारा, त्यांतल्या दोनशे साठांवर सदरा कंटाळवाणा. मोठ्या बाई म्हणाल्या, स्पष्ट आहे, तुकडा कापावा असं लिही. तिनं लिहायला घेतलं. त्याची तीन कार्डं केव्हाच बाद केली होती, ती असती तरी फरक पडला नसता. आकडे खरे होते. तो बाहेरच्या बाकावर बसलेला चेहरा डोळ्यांसमोरून हलेना, पण चेहऱ्यासाठी आकडे बदलणाऱ्यांतली ती नव्हती.

अहवालाच्या शेवटी तिचे स्वतःचे कागद जोडायचे असत. ते कुणी वाचत नसे. जोडता जोडता तिची नजर बावन्नाव्या मिनिटावर, सदऱ्याच्या प्रसंगावर गेली. तो चौकोन कोरा होता. पेन अडलं असेल म्हणून तिनं दुसऱ्या खेळाचा कागद काढला. तोही कोरा. तिसरा, चौथा... सहाच्या सहा कागदांवर बावन्नावं मिनिट कोरं होतं. खोकला नाही, फोन नाही, चुळबुळ नाही. पाच वर्षांत असं कुठल्याच चित्रपटाचं झालं नव्हतं. मग तिला आठवलं, दर मंगळवारी त्याच वेळी आपला हात थांबायचा आणि आपण करंगळी चोळत बसायचो. टोपलीभर कपडेवाली बाई तोंडावर हात ठेवून बसली होती, तीही आठवली.

आपण त्याच्यासाठी तर हे बघत नाही ना, या शंकेनं तिनं सगळे कागद पुन्हा तपासले. मग उठून मोठ्या बाईंच्या खोलीत गेली.

"कागदांचं कोण विचारतंय? लोकांनी काय लिहिलंय ते महत्त्वाचं," बाई म्हणाल्या.

"लोक दिवे लागल्यावर लिहितात," ती म्हणाली. "मी त्यांना अंधारात बघते."

बाईंनी चष्मा काढला. तेव्हाच तिनं बाकीचंही सांगून टाकलं. चित्रकार, तीन कार्डं, आपण त्याला ओळखूनही तिसऱ्यांदा आत सोडलं, तेही. कॉफीचं सांगायची गरज नव्हती, पण तेही तोंडून गेलं. नोकरी गेली असं धरूनच ती उभी होती. बाईंनी तिची यथेच्छ हजेरी घेतली, सहाही कागद काढून घेतले, कुठल्याही चित्रकाराला कार्डं भरून असं कोरं मिनिट बनवता आलं नसतं असं पुटपुटल्या, आणि शेवटी निकाल दिला. या चित्रपटावरून तिला काढून टाकलं. यापुढे याच्या कुठल्याही खेळाला तिनं स्टुलावर बसायचं नाही.

कागद दिग्दर्शकाकडे गेले. तुकडा राहिला.

चित्रपट लागला त्या दिवशी दुपारच्या खेळाची दोन तिकिटं तिनं स्वतः काढली, ग-तेरा आणि ग-चौदा. खुर्चीत बसून समोर पडदा बघणं तिला इतकं अवघड गेलं की पहिली दहा मिनिटं मान सारखी मागे, लोकांकडे वळत होती. मग केव्हा वळायची थांबली ते तिला कळलं नाही.

यंत्रमानवानं सदरा उचलला. हिरवा. बाही दुमडली, चुकली. उलगडली, पुन्हा दुमडली, पुन्हा चुकली. मग त्यानं तो तसाच, चुकलेल्या घडीचा, छातीशी धरला. बस, एवढंच. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि पुसायला हात उचलत नव्हता.

चित्रपट संपला, दिवे लागले. मागून कुणीतरी म्हणालं, कादंबरीत सदरा निळा होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मागे वळून काहीतरी बोलणार तेवढ्यात तिला दिसलं की ग-चौदा खुर्चीत पूर्ण आडवा वळून बसलाय, पाठ अर्धी पडद्याकडे, आणि त्याच्या मांडीवर मिनिटामिनिटाचे चौकोन आखलेला कागद आहे. चौकोनांत बारीक बारीक चित्रं होती. तिची वळलेली मान. तिची करंगळी. ओठ दाबलेले, कपाळाला आठी. फक्त बावन्नावा चौकोन कोरा होता.

"सात महिने खपलात," ती वैतागून म्हणाली, आवाज अजून ओला होता, "आणि एवढ्या मोठ्या पडद्यावर लागला तर बघितलासुद्धा नाहीत?"

"मी तुमच्याकडे बघत होतो," तो म्हणाला. मग नसलेला चष्मा वर सरकवत — "सगळ्यांकडे नाही."

लोक उठत होते, खुर्च्या खटाखट मिटत होत्या. तिनं त्याच्या हातातला कागद काढून घेतला, नीट घडी घातली. एक कोपरा चुकला. तो तसाच राहू देऊन तिनं घडी पर्समध्ये ठेवली, आणि मोकळा झालेला हात त्याच्या हातात दिला.